इथून फाडा

“‘इथून फाडा’ असं छापलंय ना? मग फाडून दाखवा की!” सुजितनं टोस्टचं पाकीट धायरीतल्या शामकाकांच्या दुकानात काउंटरवर आपटलं. “आज्याचे हात थरथरतात. काल दातानं ओढायला गेला, तर भसकन फाटून सगळे टोस्ट मोरीत! नुसता चहा पिऊन उठला बिचारा. रोजची कटकट हाय ही. एक कात्री द्या मला, त्याच्या उशाशीच ठेवतो.”

शामकाकांनी कात्री काढून दिली. “माझ्यावर कशाला खेकसतो? सुटे टोस्ट हायेत की माझ्याकडं. पण तुझी आजी मुद्दाम हेच पाकीट मागून नेती.”

“मुद्दाम? कशाला?”

“महिना झाला ना, तुझ्या आज्यानं तिच्याशी अबोला धरून? ती म्हणाली, ‘म्हाताऱ्याला पाकीट फुटलं नाही, की झक मारत मारील मला हाक.’”

सुजितनं कात्री काउंटरवरून परत सरकवली.

 

“ही नको. असलीच अजून दोन पाकिटं द्या, अन् लवकर. चहाची वेळ झालीय, निघतो मी.”