अडवलेलं आलं

आल्याचा नमुना जयसिंगनं प्रयोगशाळेला पाठवलाच नव्हता. तो त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होता आणि आता त्याला कोंब फुटले होते.

नेपाळच्या सीमेवरच्या त्या नाक्यावरून आपले तांदळाचे, तेलाचे ट्रक न थांबता पलीकडे जात. करारानं पलीकडचं आलंही बिनजकाती यायचं. फक्त तपासणीचा दाखला लागे, आणि तो जयसिंगच्या हाती होता. साताऱ्याहून थोरल्या भावाचा फोन आला होता, "आपलं आलं अजून रानात हाय. त्यांचा माल जरा दाबून धर, तेवढाच भाव टिकंल."

त्यानं धरला. ट्रकमधलं आलं नासलं, आणि आज त्याची मालकीण मनमाया ते सगळं ओढ्याकाठी ओतून, परत निघण्याआधी नाक्यावर आली. बाई त्याच्या आईच्या वयाची. आता शिव्या ऐकायच्या, म्हणून तो उठून उभा राहिला.

"चूक आमचीच, बाबू," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "तुमच्या प्रयोगशाळेला वेळ लागतो. पुढच्या वर्षी लवकर येऊ."

मग तिनं शालीतून वाटी काढली. दह्यात कालवलेले लाल तांदूळ. त्यांच्याकडं दसऱ्याला वडीलधारी माणसं धाकट्यांच्या कपाळी हा टिका लावतात.

"सणाला घरी नाहीस. ये."

जयसिंगची मान खाली गेली, ती वर होईना.

"आईची आठवण आली ना?" म्हणत तिनं हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं.