घोगरा हॉर्न

म्हसळ्याचा मेकॅनिक आज-उद्या करत झुलवतो, म्हणून परेशने मोबाईलवर बघून रिक्षा घरीच उघडली होती. सगळं परत बसवलं, तरी चावी फिरवली की नुसतं टक! वायरिंग शॉर्ट असेल म्हणून शिव्या घालत त्याने तो घोगरा हॉर्नही उपटून मांडीवर घेतला.

एवढ्यात लेकीची शाळा सुटायची वेळ झाली. त्याने बाईंना फोन लावला.

"बाई, प्राप्तीला जरा बसवून ठेवा. रिक्षा चालूच व्हत न्हाय."

"चेष्टा करताय होय? फाटकात तर उभे आहात, कानाला फोन लावून. प्राप्ती बसलीसुद्धा मागे."

"कुणाच्या रिक्षात?"

बाई हसल्या. "तुमच्याच की!"

फोनमध्ये हॉर्न वाजला. घोगरा.

मांडीवरचा हॉर्न, वायरी नुसत्या लोंबत असतानाही, थरथरत होता.