पंचावन्न मिनिटं

चौथ्यांदा ती जीप गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा गुणाजीने हातातला पाना बादलीत टाकला.

"किती?" त्याने मान वर न करताच विचारलं.

"अठ्ठावन्न," केरूभाऊ खाली उतरत म्हणाले. "काय फरक नाय पडला, मिस्त्री."

गुणाजीचं डोकं तडकलं. महिनाभर तो या एका गाडीमागे लागला होता. पेणात त्याच्या हाताखालून ट्रक गेले, गणपतींनी भरलेले टेम्पो गेले. काम करून नेलेली गाडी कुणी परत आणली नव्हती. आणि रोह्याचा हा पन्नाशीचा, मऊ बोलणारा शेतकरी दर मंगळवारी येऊन त्याला तोंडावर सांगत होता, की गाडी ओढत नाय.

पहिल्या दिवशी मागणं साधंच वाटलं होतं. रोह्याहून पेण, चाळीस किलोमीटर, पंचावन्न मिनिटांत.

"होत नसंल तर तसं सांगा," केरूभाऊ तेव्हा म्हणाले होते. "हे या गाडीचं काम नाय, असं तुम्ही एकदा बोललात की मी परत यायचा नाय."

असलं कुणी बोललं की गुणाजी पेटायचा. त्याने बॉनेट उघडलं.

इंजिनाला धड श्वासच मिळत नव्हता. हवेचा फिल्टर कोंड्याने आणि धुळीने गच्च. तो बदलला. मग दिसलं, हवा आत घेणारं तोंड रेडिएटरच्या मागे, म्हणजे इंजिन तापलेली हवाच ओढत होतं. त्याने जाड पाइप जोडून ते तोंड पुढे दिव्याशेजारी, थंड हवेत आणलं. त्याच्या पुढच्या खेपेला पाइपाचं काटकोनी वळण काढून गोल बाक दिला, मोठा फिल्टर बसवला, कार्बोरेटर नव्या हवेला जुळवून घेतला. वडखळपर्यंत त्याने स्वतः चालवून पाहिली, तर जीप दावं तुटलेल्या खोंडासारखी सुटली.

तरी रोह्याहून येताना अठ्ठावन्न.

"मागची गोणी तरी काढा," गुणाजी म्हणाला. मागच्या बाकावर तांदळाची गोणी आडवी ठेवून दोरीने नीट बांधलेली होती. "पन्नास किलो उगाच कशाला फिरवताय?"

"ती राहू दे."

"अहो, वजन कमी झालं तर चढाला..."

"राहू दे म्हटलं ना."

गुणाजीला सगळ्यात जास्त खटकायचं ते वेगळंच. दर वेळी काम फसल्याचं सांगून झालं की हा माणूस सैल व्हायचा. पायरीवर बसून चहा प्यायचा, गुणाजीच्या बायकोला, शांतीला, पावसापाण्याचं विचारायचा, आणि आला त्यापेक्षा हलका होऊन परत जायचा.

"त्यांना गाडी पळायला नकोच हाय वाटतं," त्या दिवशी कपबशा उचलताना शांती म्हणाली.

"तुला काय कळतंय गो गाडीतलं," गुणाजी तिच्यावर खेकसला. मग फाटकाकडे निघालेल्या केरूभाऊंना त्याने हाक मारली. "पुढच्या मंगळवारी मी रोह्याला येतो. शेजारी बसून बघतो काय होतं ते."

केरूभाऊंचा चेहरा उतरला. "कशाला उगाच तुम्हाला तरास?"

"तरास तर महिनाभर चाललाच हाय."

मंगळवारी तो एसटीने रोह्याला उतरला. केरूभाऊ नाक्यावर जीप घेऊन थांबले होते. चारच्या ठोक्याला ते निघाले. गुणाजीने मनगटावरचं घड्याळ मांडीवर काढून ठेवलं.

भिसे खिंडीचा चढ लागला. जीप तिसऱ्या गियरवर मजेत चढत होती. आणि अचानक तिचा जोर गेला.

गुणाजीने खाली पाहिलं. "पाय का काढलात?"

"वळण हाय."

"वळण लांब हाय अजून."

केरूभाऊंनी गियर दुसऱ्यावर टाकला. गुणाजीला आता सगळं कळलं, आणि महिनाभराचा संताप एकदम वर आला.

"मी तिकडं इंजिनाला शिव्या घालतोय, पाइप कापतोय, रात्री झोप नाय मला," तो म्हणाला, "आणि तुम्ही इथं पाय काढताय? माझ्या कामाची चेष्टा लावलीय? दाबा तो पाय."

केरूभाऊंनी त्याच्याकडे एकवार पाहिलं. मग त्यांनी गियर तिसऱ्यावर घेतला आणि पाय दाबला.

इंजिनाने छाती भरून श्वास घेतल्यासारखा आवाज केला. खिंड सरली. नागोठणं मागे पडलं. वडखळला रस्ता मोकळा मिळाला. केरूभाऊंचे हात घामाने स्टिअरिंगवर घसरत होते. गुणाजी मात्र खुशीत होता. प्रत्येक गाव मागे पडलं की तो घड्याळ बघून मान डोलवत होता.

गॅरेज आलं तरी जीप थांबली नाही.

"थोडं पुढं," केरूभाऊ म्हणाले. "मी मोजतो ते तिथपर्यंत."

गावातल्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी ब्रेक लावला.

"त्रेपन्न," गुणाजीने घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. "आता बोला. होत नाय म्हणत होता."

केरूभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. मग चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"दोन वर्षांमागं बायकोला याच गाडीतून, ती गोणी हाय तिथंच मागं आडवी ठेवून, इथं आणली. एक तास पाच मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणली असती तर वाचली असती." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "आणि मी पोरीला सांगत आलो, की या गाडीला ते जमलंच नसतं."