गाभाऱ्याचे दगड

“देऊळ हलवायचं न्हाय,” आबासाहेब म्हणाले. “जाऊ द्या पान्यात. माळावर शिमिटाचं नवं बांधू.”

पुरातत्त्व खात्याच्या कमलाकरनं नकाशा गुंडाळला. येत्या पावसाळ्यात उजनी धरणाचं पाणी गावात शिरणार होतं. महादेवाचं सात-आठशे वर्षांचं देऊळ उतरवून, माळावरच्या नव्या गावठाणात जसंच्या तसं उभं करायची मंजुरी आली होती. जाणती माणसंही जमली होती. पाया आखायला इंजिनिअर होता. दगडांवरचे तेलाचे थर काढायला आणि जुन्यासारखा चुना बनवायला सोलापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी रुक्मिणी होती. सांधे सोडवायला दुधनीचा ईरप्पा पाथरवट आला होता. नव्हते ते फक्त दगड उचलणारे हात. गावात जो तो आपापल्या घराचे वासे उतरवण्यात गुंतला होता.

“आमी उचलतो की,” अंगणातून आवाज आला.

पन्नाशीची एक काटक बाई पदर खोचून उभी होती. तिच्यामागं दहा-पंधरा बायाबाप्ये.

“सोजरे, तुला कुनी इचारलं?”

“सायबास्नी मानसं पायजेत. आमास्नी काम पायजे. तुमचं काय जातंय, आबासाहेब?”

आबासाहेब गावचे मुख्य पंच. त्यांनी इतर पंचांकडं पाहिलं. काही वेळ कुजबुज झाली.

“आदी पिंड काढा,” ते शेवटी म्हणाले. “गुरवानं पूजा करून माळावर मांडव घालून तितं न्यावी. देव भाईर गेला की मागं ऱ्हात्यात ते नुसते दगड. मग उचला कुनीबी.”

कमलाकरचा जीव भांड्यात पडला.

पिंड हलली आणि कामाला सुरुवात झाली. कमलाकर एकेका दगडाचं चित्र काढायचा, रुक्मिणी दगड धुऊन त्यावर न पुसणारे आकडे घालायची. दुपारी मंडपात डबा उघडून तिनं बाहेर हाक मारली, “सोजरबाई, आत या की. ऊन केवढं आहे!”

“हितंच बरं हाय, बाई.”

कळस उतरला. शिखर उतरलं. ईरप्पा वरून ओरडायचा, “निधान, निधान!” दोन दिवसांत सगळ्यांना कळलं की कानडीत निधान म्हणजे हळू. सोजरबाईची माणसं दगड खांद्यावरच्या वाशांना टांगून गाडीत घालत, माळावर उतरवत आणि ओळीनं मांडत.

मंडप संपला आणि वैशाखात घात झाला. गाभाऱ्याच्या दारावरची तुळई उतरताना दोर तुटला. सोजरबाईचा मुलगा कुंडलिक खाली होता. त्याचं पाऊल चेचलं.

“देवाच्या मनात न्हाय,” आबासाहेब म्हणाले. “ऱ्हाऊ द्या गाभारा.”

ईरप्पानं छिन्नी-हातोडा पिशवीत भरला. कमलाकरही खचला होता. कोरीव खांब वाचले होते. गाभाऱ्याच्या भिंती साध्याच होत्या, आणि पाऊस तोंडावर आला होता.

मुलाला दवाखान्यात सोडून सोजरबाई एस.टी.नं परत आली, ती थेट कमलाकरसमोर.

“गाभारा सोडनार म्हनं?”

“मावशी, अजून कुणाला इजा व्हायला नको. आणि तिथं कोरीवकाम काही नाही.”

“देव कुटं ऱ्हातो, सायेब? खांबात का गाभाऱ्यात?” तिचे डोळे कोरडे होते. “माजं पोर जल्माचं लंगडं झालं. आता तुमी कंबर मोडून बसू नगा. समदं न्यायचं. खालची फरशीसुदिक.”

तिनं कुंडलिकच्या जागी वाशाखाली स्वतःचा खांदा दिला. तिच्यामागं बाकीचे उठले. ईरप्पानं पिशवी सोडून छिन्नी-हातोडा बाहेर काढला.

संध्याकाळी तिचा खांदा सोलून निघाला होता. रुक्मिणीनं त्यावर मलम लावलं.

“एवढा कसला नवस केलाय, मावशी?”

“आजून तोंडानं बोलले न्हाय, बाई. मनातच हाय.”

शेवटची फरशी गाडीत चढली तेव्हा पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलं होतं.

माळावर पाया भरला गेला. रुक्मिणीनं गूळ आणि हिरडा घालून चुना मळवून घेतला. आकड्यांच्या क्रमानं ईरप्पा दगड बसवत गेला, आणि सोजरबाईची माणसं ते उचलून त्याच्या हाताशी देत गेली. दिवाळीनंतर भिंती उभ्या राहिल्या. महाशिवरात्रीला कळस चढला. गुरवानं पिंड बसवली, घंटा वाजली. सगळं गाव लोटलं होतं.

कमलाकर दाराशी उभा राहून म्हणाला, “पहिलं दर्शन सोजरबाईंचं!”

सोजरबाई नवं लुगडं नेसून पायरीशी आली. मागं काठी टेकत कुंडलिक होता, आणि त्याच्यामागं तिची सगळी माणसं.

आबासाहेब आडवे आले.

“सोजरे, खुळी का काय तू? सायबाला ठावं नसंल, तुला तर ठावं हाय. तुमच्या वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या भाईरच्या लिंबाखालनं हात जोडायचं. तू आत आलीस तर देऊळ बाटंल.”

कमलाकर दचकून तिच्याकडं पाहत राहिला. घंटा थांबली होती.

“मग आमचा हात लागला न्हाय आसा येक दगड ह्यात दावा, आबासाहेब,” सोजरबाई म्हणाली. “त्येच्यावर पाय देनार न्हाय.”