फोन करायचा नाही

"एकही नाही?" ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी पुन्हा विचारलं.

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "एक दुरुस्तीला गेलंय, दोन लोकांच्या घरी आहेत. शेजारच्या क्लबकडेही काल नव्हतं."

क्लबच्या सभागृहामागच्या या खोलीत चाकाच्या खुर्च्या होत्या, कुबड्या होत्या, वरखाली होणारे पलंग होते. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की परत आणावं. मास्तरांना हवं होतं ते ऑक्सिजनचं मशीन तेवढं नव्हतं. घरी मशीन असेल तर आज सोडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आईनं तर धोशाच लावला होता: मला घरी ने, काय व्हायचं ते माझ्या खोलीत होऊ दे. भाड्यानं देणाऱ्यांचे उंबरठे झिजवून मास्तर इथं आले होते.

त्यांचा उजवा पाय एकसारखा फरशी दाबत होता. शिकाऊ माणसाशेजारी बसून ब्रेक मारण्यात हयात गेलेली. तो पाय आता साध्या खुर्चीवरही स्वस्थ बसत नव्हता.

"ते दोघं कधी परत देणार?"

"ते मी विचारत नाही."

"का?"

"मशीन परत यायला कारणं दोनच असतात, मास्तर. पहिलं असलं तर माणूस स्वतः घेऊन येतो, चहा पिऊन जातो. दुसरं असलं तर शेजाऱ्याबरोबर पाठवून देतात. कधी देणार म्हणून विचारायचं, म्हणजे नक्की काय विचारायचं?"

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात लोकांचे फोन जोडून देण्यात गेली होती. निवृत्त होऊन क्लबात ही खोली सांभाळायला आल्या आणि त्यांनी एकच नियम घातला: नेलेल्या सामानासाठी कुणाच्या घरी फोन करायचा नाही. क्लबात नियम पुष्कळ होते आणि ते मोडायचीही रीत होती. हा मात्र टिकला होता, कारण बाईंपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

सभागृहात डोळे तपासणीच्या शिबिराची तयारी चालली होती. खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं. अध्यक्ष आत डोकावले.

"बाई, फीत कापायची कात्री कुठाय? मागच्या वेळी पाहुण्यांनी हातानं तोडली. फोटोत मारामारी चाललीय असं वाटतं."

बाईंनी कात्री दिली. मास्तरांनी अध्यक्षांनाच धरलं. "साहेब, लोक विसरतात हो. माणूस बरा होतो, मशीन कोपऱ्यात धूळ खात पडतं. तुमचं एक मशीन म्हणे तीन महिने झाले बाजारातल्या शिंपीणबाईंकडे आहे, नवऱ्यासाठी नेलेलं. ते पडून नसेल कशावरून?"

अध्यक्षांनी बाईंकडे बघायचं टाळलं. "एक फोन करून बघायला काय हरकत आहे? गोड बोलून," ते म्हणाले आणि कात्री घेऊन सटकले. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची त्यांना जुनीच सवय होती.

तेवढ्यात मास्तरांच्या खिशातला फोन वाजला. हॉस्पिटलमधून बहीण. "दादा, मिळालं का? आई केस विंचरून बसलीय."

"मिळतंय, मिळतंय," मास्तर म्हणाले आणि बाईंकडे बघत राहिले.

बाईंनी नंबर लावला, पण फोन कानाला न लावता त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच विचारा. माझ्या तोंडून नाही निघायचं."

रिंग वाजत होती. तो माणूस बरा झालेला असू दे, असं मास्तर मनाशी म्हणत होते. पण खरं तर त्यांना दोन्हीपैकी कुठलंही कारण चाललं असतं. हे त्यांचं त्यांना कळलं आणि स्वतःचीच किळस आली.

"हॅलो?" शिंपीणबाई होत्या. "थांबा हं, मशीनच्या घरघरीत ऐकू येत नाही. बाहेर येते." दार लोटल्याचा आवाज आला. "हं. क्लबातून ना? मशीन परत हवंय का?"

मास्तरांच्या उजव्या पायानं फरशी करकचून दाबली.

"रोज वाटतं, आज येणार तुमचा फोन. नळी काढली की यांचे ओठ निळे पडतात हो. पण तुमचंही बरोबर आहे. आणखी कुणाला लागत असेल."

"नाही, ताई," मास्तर म्हणाले. "नीट चालतंय ना, एवढंच विचारायचं होतं."

"चालतंय, चालतंय." त्या बहुधा रडत होत्या. "आठवणीनं विचारलंत. तुमच्या घरात कुणाला कधी याची गरज न पडो."

"हो," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी फोन परत दिला. बाईंना पलीकडचं सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी शेजारच्या क्लबला पुन्हा फोन लावला, दोन-चार वाक्यं बोलल्या आणि ठेवला.

"त्यांच्याकडे एक आलंय. आज सकाळीच परत आलं. संध्याकाळच्या आत पोचवतील."

मास्तरांना हायसं वाटलं. बहिणीला फोन करून सांगितलं, आईला तयार ठेव. बाईंना हात जोडले, दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"कोण घेऊन आलं होतं, ते विचारलंत का?"

"नाही."

"नका विचारू," मास्तर म्हणाले.