नाल्यापलीकडची धाकटी

हिंमतराव देशमुखांनी नाल्याच्या पलीकडे मोटर थांबवली आणि अलीकडचा काठ नीट न्याहाळला. काळी छत्री नव्हती. छत्रीखालचा माणूसही नव्हता. देशमुखांनी मिशीवरून हात फिरवला.

नाल्याच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल, धाड गाव, देशमुखांचं घर आणि मोटर कंपनीचा करारनामा. पलीकडे निजामाची मोगलाई. तिथं त्या करारनाम्याला चूल पेटवण्यापलीकडे किंमत नव्हती. म्हणून उन्हाळ्यापासून मोटर पलीकडल्या गावी, मावसभावाच्या गोठ्यात, म्हशींच्या शेजारी सुखानं नांदत होती. देशमुख रोज पायी नाला ओलांडत, मोटरीत बसत, भोंगा वाजवत आणि पायीच घरी येत. मोटर घेतल्यापासून त्यांचं चालणं फार वाढलं होतं.

कापूस तेजीत होता तेव्हा खामगावात त्यांनी एका जिनवाल्याची मोटर पाहिली आणि त्या दिवसापासून त्यांना बैलांच्या दमणीची गादी टोचायला लागली. मोटर हप्त्यावर आली. मग कापूस बसला, हप्ते तुंबले, रुबाब तेवढा कायम राहिला. कंपनीनं वसुलीला अनंतराव नावाचा माणूस धाडला. काळी टोपी, काळा कोट, आणि स्वभाव इतका गरीब की शिव्या खाऊन वर प्यायला पाणी मागायचा. त्यानं सरळच सांगितलं होतं. दिवाळीच्या आत मोटर परत द्या, सगळी बाकी माफ. नाही तर कंपनी विहिरीच्या मळ्यावर जप्ती आणील.

त्या मळ्यावर देशमुखांचं अख्खं घर जेवत होतं. पण देशमुख म्हणाले, मळा गेला तर गेला, देशमुखाच्या दारातून मोटर गेली तर गाव काय म्हणेल. मोटर दारात नाहीच, गोठ्यात आहे, हे त्यांना कोण सांगणार? अनंतराव बिचारा रोज येऊन अलीकडच्या काठावर छत्री उघडून बसायचा. देशमुख पलीकडून त्याला भोंगा वाजवून दाखवायचे. दोघांचाही वेळ बरा जात होता.

गावातल्या बाया मोटरीला देशमुखांची धाकटी बायको म्हणायच्या. देशमुखांच्या पत्नीनं, रुक्मिणीबाईंनीही तेच नाव उचललं. ताट वाढता वाढता त्या विचारायच्या, धाकटी बरी आहे ना, म्हशी तिला शिंगं तर दाखवत नाहीत ना. देशमुखांना ही थट्टा फार आवडायची. मळ्याचं मात्र त्या एकदाच बोलल्या. मळा गेल्यावर लेकरांनी काय खायचं, एवढंच विचारलं. देशमुख भरल्या ताटावरून उठले. त्यानंतर रुक्मिणीबाईंनी तो विषय काढला नाही. बायको शहाणी झाली, असं देशमुखांनी मावसभावालाही सांगितलं.

आज दसरा. सकाळी रुक्मिणीबाईंनीच खबर आणली होती की छत्रीवाला पहाटेच बुलडाण्याकडे गेला. सणाचा दिवस, कचेऱ्या बंद, तोही माणूसच आहे. मग चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "शिलंगण करून माणूस आपल्या घरी येते. धाकटीनं काऊन सणाच्या दिवशी गोठ्यात राहावं? घेऊन या तिले. मी ओवाळीन."

देशमुखांना भरून आलं. बायकोनं आपली मोटर पोटाशी धरली याचा त्यांना खरोखर आनंद झाला. कधी एकदा दिवस मावळतो असं त्यांना झालं.

संध्याकाळी शिवेवर सनई वाजली, शमीची पूजा झाली, लोकांनी सोनं लुटलं. झेंडूच्या माळा घातलेली मोटर नाल्यात उतरली आणि गुरगुरत इंग्रजी हद्दीत चढली. शेणाचा वास येत होता, पण दिमाख काही कमी नव्हता. जिथं रोज छत्री असायची तिथं देशमुखांनी मुद्दाम गाडी थांबवली आणि रिकाम्या काठाला लांबलचक भोंगा ऐकवला. गाव हसलं. मग मोटर पुढे आणि गाव मागे, अशी मिरवणूक घरी आली.

दारात रांगोळी होती. रुक्मिणीबाई जरीकाठी लुगडं नेसून ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी देशमुखांना ओवाळलं, मग मोटरीला कुंकू लावून तिलाही ओवाळलं. नंतर खण, नारळ आणि तांदूळ घेऊन त्यांनी ते पुढच्या गादीवर नीट मांडले, जशी सवाष्णीची ओटी भरतात तशी. बाया पदराआड हसल्या. देशमुखही हसले. मोटरीचे एवढे लाड तर त्यांनीही केले नव्हते. ते खाली उतरून, सगळ्यांना दिसावं म्हणून जरा बाजूला जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात त्यांच्याच ओसरीवरून काळी टोपी खाली आली. मागे खाकी कपड्यातला एक ड्रायव्हर. अनंतरावाच्या काखेत मिटलेली छत्री होती आणि कपाळावर ताजं कुंकू, वर चार अक्षता चिकटलेल्या. ड्रायव्हर मुकाट्यानं मोटरीत जाऊन बसला.

देशमुखांचं हसू तोंडावरच वाळलं. सगळं गाव बघत होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिची नजर खाली नव्हती.

"हा इथं काऊन?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"धाकटीचा भाऊ हाये," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "बहिणीले माहेरी न्याले आला. तुम्ही नाल्याकडे गेले तवापासून घरातच हाये, तुमच्याच पाटावर बसून पुरणपोळी जेवला. आता ओटी भरून झाली तिची, अन् ओटी भरलेल्या बाईची वाट अडवत नसतात. सरका बाजूले."