अत्यावश्यक इमारती

पुरात बंद पडता कामा नयेत, अशा अत्यावश्यक इमारती सखल जागी नसाव्यात, हा नवा नियम श्यामकांतरावांनी जेवताना लेकीला वाचून दाखवला. त्यांनी कचेरीत साहेबांच्या हुकमाने केलेल्या यादीत पंपघर होतं, साहेबांचा क्लबही होता.

"बाबा, इस्पितळ?" सुनीतीने विचारलं.

"ते सखल भागातच आहे. अत्यावश्यक ठरवलं तर हलवावं लागेल. साहेब म्हणाले, वगळा." ते हसले. तिने भात वाढला.

तीन वर्षांनी पूर आला. त्याच दिवशी त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा इस्पितळात कमरेएवढं पाणी होतं. क्लब मात्र कोरडा राहिला.

तेराव्याला साहेब आले. "श्यामकांतरावांनी कधी माझा शब्द मोडला नाही."

"भित्रे होते बाबा," सुनीती म्हणाली. "एवढंच त्यांना सांगायचं राहिलं."